बोटाचा वास

३ नोव्हेंबर, सोमवार

कामावर सुट्टी टाकली. प्राजूला सोनोग्राफीला नेलं. पहिलटकरीण, सातवा लागलाय, बाळंतपणाला माझ्याकडे आलीये. बाळ महिन्याच्या मानाने लहान आहे म्हणे.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तंबाखू वगैरे? पोरीच्या आधी मीच बोलले, "आमच्यात बायका तंबाखू खात नाहीत हो." त्यांनी प्राजूला आ करायला लावलं. "मिश्री लावतेस?" पोरगी माझ्याकडे बघायला लागली.

"लावते," म्हणाली. "आई पण लावते."

लावतो तर लावतो. दात घासायला लावतो, मजा मारायला नाही. तर बाई म्हणाल्या, मिश्री म्हणजे तंबाखूच. बाळाला हवं तेवढं पोचत नाही. कारणं दहा असतील, पण हे एक तुमच्या हातातलं आहे, आजपासून बंद. पुढच्या महिन्यात परत मोजू. वाढ दिसली नाही तर पुढचा विचार करावा लागेल.

पुढचा म्हणजे काय ते विचारायची हिंमत झाली नाही.

४ नोव्हेंबर

सकाळी मोरीत दोघी समोरासमोर. मध्ये डबी. रोज हीच वेळ आमची, बोट काळं करायचं आणि गप्पा मारायच्या. आज डबी कोणी उघडेना.

प्राजू म्हणाली, "तू समोर लावणार आणि मी वासावर राहू? तू सोड, मग मी सोडते." मी म्हटलं, बरं. एवढं सोपं वाटलं मला.

डबी मोरीत उलटी केली. काळं पाणी झालं. पोरीने वर अटही घातली. रोज संध्याकाळी एकमेकींचं बोट हुंगायचं. दोनदा हात धुतला तरी नखातला वास जात नाही, हे आम्हा दोघींनाही पक्कं माहीत.

यापुढे इथे मिश्रीचं पूर्ण नाव लिहिणार नाही. लिहिलं तरी तोंडाला पाणी सुटतं. नुसतं मि.

६ नोव्हेंबर

डोकं फुटतंय. पोट साफ नाही. मि. लावल्याशिवाय कधी झालंच नाही, आता काय उपटणार.

मानकोलीला आमच्या गोडाऊनच्या गेटवर बाई अंगझडती घेते, त्यामुळे मी आधीच चहाच्या टपरीमागे उभी राहून लावून घ्यायचे. आज टपरीवरून नाक धरून गेले. पॅकिंगच्या लाईनवर एकाचं लेबल दुसऱ्याच्या खोक्याला. एकदा नाही, परत परत. सुपरवायझर आला, "आंटी, ध्यान किधर है आज?" कुठे असणार मेल्या.

घरी आल्यावर चहात साखर कमी म्हणून ह्यांच्यावर ओरडले. साखर बरोबर होती.

बोट हुंगलं. दोघी पास.

९ नोव्हेंबर, रविवार

पारूमावशी आल्या, चाळ त्यांचीच. गेली कित्येक वर्षं माझ्या हातची मि. लावतात. नुसत्या त्याच नाहीत, अख्खी चाळ. खापरावर तंबाखूचं पान भाजायला घेतलं की वासावर बायका गोळा होतात, प्रत्येकीला चिमूट. कोणाचं भांडण झालं असलं तरी त्या वेळी मिटतं.

"काय गो सुनंदा, मना दोन बोटं मिसरी दे."

"बंद केली मावशी. प्राजूला डॉक्टरने सांगितलंय."

"डाक्टरला काय कललं? मी पाच पोरं काडली मिसरी लावून. सगली धडधाकट हायेत."

मग म्हणाल्या, खापर तरी दे, मी भाजते. दिलं नाही. तशाच उठल्या, निरोपही घेतला नाही. आता पाण्याच्या वेळेला बायका बोलतील, सुनंदा शहाणी झाली म्हणून. मला खरंच वाईट वाटलं. दाराची पायरी दिवसभर रिकामी.

११ नोव्हेंबर

ह्यांच्या तंबाखूच्या पुडीवर ती सोडवायच्या मदतीचा फोन नंबर छापलेला असतो. आजपर्यंत कोणी वाचला असेल तर शपथ. मी लावला. पलीकडची बाई मराठीत बोलली, गोड होती. विचारते, तंबाखू कधीपासून खाता? म्हटलं, खात नाही. मग फोन कशाला केलात? काय सांगू. शेवटी म्हणाले, मि. लावते. "मग तेच हो ताई."

सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवायची वेगळी खोली आहे म्हणाली.

हे हसले. "दात घासायचं पण व्यसन असतं का?" मी म्हटलं, तुमची पुडी दोन दिवस माझ्याकडे द्या, मग सांगते. दिली नाही.

१३ नोव्हेंबर

गेले. खोली कोपऱ्यात आहे, ते बरं. समुपदेशक मॅडम प्राजूच्याच वयाच्या.

"उठल्यावर किती वेळात लावायचात?"

"वेळ कसला? डोळे उघडायच्या आधी."

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, म्हणजे सवय नाही, शरीरच मागतंय. निकोटिन मेंदूत जाऊन बसतं. ते कमी पडलं की डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट अडतं. तुम्ही वाईट बाई नाही, तुम्ही अडकलाय.

मी इतकी वर्षं समजत होते की खापरावर पान काळं होईस्तो भाजलं की त्यातलं जहर जळून जातं. म्हणून तर मी जास्त भाजायचे. माझी मि. चांगली म्हणतात ती त्यासाठीच. मॅडम म्हणाल्या, जळत नाही ताई. चांगली लागते कारण निकोटिन तसंच असतं.

रिक्षात रडू आलं. चाळीतल्या सगळ्या जणी आठवल्या. तलफ आली की थोडा वेळ थांबा, पाणी प्या, ती लाट ओसरते, असं मॅडम म्हणाल्या होत्या. थांबले. ओसरली खरी, पण वाट बघायला लावते.

निकोटिनच्या गोळ्या दिल्यात, चघळायच्या.

१४ नोव्हेंबर

गोळी चिंगमसारखी कचाकचा चावली, रस गिळला. लाईनवर उचक्या सुरू. अख्खी शिफ्ट उचक्या. सगळ्या म्हणतात, कोण आठवण काढतंय? घशात जळजळ वेगळीच.

फोन केला. मॅडम हसल्या. हळू चावायची, झणझणलं की गालात ठेवून द्यायची. हे काल सांगितलं होतं, माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

१८ नोव्हेंबर

गोळी नीट जमली. डोकं उतरलं. पोटही एकदाचं! कोमट पाणी आणि देवाची नव्हे, माझ्याच चिकाटीची कृपा.

पण प्राजूला (आता इथे तीही नुसती प्रा.) गोळी चालत नाही. ती मागत होती, "मला का नाही?" मॅडमना विचारलं. गरोदरपणात डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नाही, आधी तिला घेऊन या, बोलून बरंच होतं. प्रा. म्हणते, मी नाही येणार त्या खोलीत. सासरच्या गावचं, वडप्याचं कोणी बघितलं तर घरी काय सांगतील, सून व्यसनी निघाली? मग बसून राहिली, नखं खात. मला गोळीचा आधार, तिला कशाचाच नाही. दोघी पास.

२४ नोव्हेंबर

लावलं.

जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर टपरीमागे रुखसाना, बाजूच्या लाईनवरची, तिने गुलची डबी उघडली. गुल म्हणजे त्यांच्या गावाकडची मि., तोच काळा भुगा. "दीदी, थोड़ा-सा." गोळ्या घरी राहिल्या होत्या. माझं बोट गेलं, मी नंतर गेले.

एवढं बरं वाटलं की लाज वाटली.

नंतर भांड्याच्या साबणाने हात घासला, लिंबाचा. नखांत काडी घातली. घरी प्रा.ने बोट नाकाला लावलं. "साबणाचा वास येतोय."

"कामावर नवीन साबण आलाय."

ती उठली. भाकरी थापायला बसली.

२५ नोव्हेंबर

गोळ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात. एक डबा कामावर पण. रुखसानाला सांगितलं, माझ्यासमोर उघडू नकोस. म्हणाली, ठीक है दीदी. भली आहे.

प्रा.ला सांगितलं नाही. सांगणार होते.

६ डिसेंबर

सगळी गल्ली पहाटे पांढऱ्या कपड्यात निघाली, दादरला. हेही गेले. मी दर वर्षी जाते, यंदा प्रा.ला एकटं कसं टाकू? घरीच फोटोसमोर दोघींनी मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. तिने माझा हात धरून पोटावर ठेवला. लाथ मारली कार्ट्याने. जोरात मारली.

लहान असलं तरी ताकद आहे, असं मी म्हटलं. ती हसली नाही.

८ डिसेंबर

शिफ्टवरून आले. प्रा.ने स्वतःहून हात पुढे केला. हुंगलं.

लिंबाचा साबण.

"भांडी घासली," म्हणाली.

मी मोरीत गेले. भांडी खरंच घासलेली होती, लख्ख. घासली म्हणून वास की वासासाठी घासली? विचारायचं तर कुठल्या तोंडाने? मीच तिला दाखवलं कसं करायचं ते.

जेवण गेलं नाही.

९ डिसेंबर

मॅडमकडे जाऊन सगळं ओकले. रागावतील वाटलं होतं. म्हणाल्या, एकदा घसरलं म्हणजे सगळं संपलं असं नाही, बऱ्याच जणींचं होतं. कशामुळे घसरलं ते तुम्हाला कळलंय ना? मग पुढे चला. आणि तिच्यावर पहारा ठेवू नका, तिला तुमचं सांगा.

सांगणं सोपं का आहे!

१० डिसेंबर

उद्या सोनोग्राफी. प्रा. मेथी निवडत होती. मी समोर बसले.

"प्राजू, त्या दिवशी साबण नव्हता नवीन. गुल लावलं होतं मी."

तिने वर बघितलं नाही. "माहीत होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मला वाटलं, गोळ्या खाऊन तुला जमत नाही, तर मला कुठून जमणार."

मी म्हटलं, जमलंय गं, त्यानंतर एकदाही नाही. तिने मेथीच्या पानांनी हिरवं झालेलं बोट पुढे केलं, "हुंग."

हुंगलं नाही. हात धरून बसले. मेथी तशीच राहिली, रात्री डाळ केली.

११ डिसेंबर, गुरुवार

दोघी तयार. रिक्षाची वाट बघत लिहितेय.

प्रा. म्हणते, "आधी तुझ्या त्या खोलीत जाऊ. मग सोनोग्राफी."

मी म्हटलं, नंबर जाईल गं. आणि कोणी बघितलं तर?

"बघू दे. डॉक्टरीणबाई विचारतील, बंद केलीस का. मशीनवर बाळ दिसत असताना मला खोटं नाही बोलता येणार आई."

म्हणजे लावतेय. किती, कोणाकडून, काही विचारलं नाही. तिची ओढणी सरळ केली. पारूमावशी दारात उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, कुठं चालल्या गो मायलेकी? प्रा.ने मोठ्याने सांगितलं, "मिश्री सोडायला."

रिक्षा आली.