माझी दाढ आणि इतरांचे तर्कदोष

४ मार्च, सकाळी ७.१५
काल ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये तर्कदोष शिकलो. लोक बोलतात त्यातलं नव्वद टक्के पोकळ असतं. आजपासून घरात फक्त तर्कशुद्ध बोलणं. सुरुवात बायकोपासून.
डावी दाढ किंचित ठणकतेय.

५ मार्च
बायको म्हणाली, अहो, दाढ किडलीय तुमची, दाखवून या. पुरावा मागितला. म्हणे, ताईचंही अस्संच झालं होतं. एका उदाहरणावरून सरसकट निष्कर्ष! दोष समजावून सांगितला. गप्प झाली. म्हणजे दाढ ठीक आहे.

७ मार्च
मेहुणा म्हणाला, भाऊजी, दात दुखला की सगळेच डॉक्टरकडे जातात. सगळे करतात म्हणून ते बरोबर? तो चहा अर्धा टाकून गेला. मीही अर्धाच प्यायलो. गरम लागत होता.
ऑफिसात साहेब म्हणाले, अंगावर काढलंत तर गाल फुगेल. भीती दाखवून पटवणं. तसं सांगितलं. बराच वेळ बघत राहिले. छाप पडली असावी.

१० मार्च, संध्याकाळ
डॉक्टरबाईंकडे गेलो, केवळ वाद मिटवायला. म्हणाल्या, काढावी लागेल. फोटो काढून खात्री करू म्हणत होत्या, पण त्याआधी वीस वर्षांचा अनुभव सांगून बसल्या. अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय त्यांचाच पुढचा दात वाकडा. उठून आलो.
आतापर्यंत चारही वाद जिंकले.

११ मार्च
गाल सुजला. एकच, त्यामुळे सरासरी ठीक. दिवसभर दूध. स्वखुशीने.
लेक कॉलेजातून आली. म्हणाली, बाबा, आईचं कारण कच्चं होतं, म्हणून दाढ चांगली कशी ठरते? मला भूक लागलीय म्हणून आज मंगळवार, असं मी म्हटलं, तर कारण फालतू. पण वार चुकला का?
कॅलेंडर पाहिलं. मंगळवारच होता.
उत्तर तयार होतं. तोंड उघडेना.

१२ मार्च, दुपारी
दाढ काढली. डॉक्टरबाईंनी हातात दिली. मुळापर्यंत काळी. बायकोने विचारलं, पटलं आता? बोलता येत नव्हतं. कागदावर लिहून दिलं : एका दाढेने काही सिद्ध होत नाही.
तिने कागद डॉक्टरबाईंना दिला. त्यांनी वाचला. म्हणाल्या, बरोबर आहे, शेजारचीही किडलीय.
सोमवारी साडेदहाला बोलावलंय. कारण विचारलं नाही.