सर्वात सभ्य व्हिडिओवाल्याने काढलेलं झरीचं लग्न

१२ एप्रिल २०१७, चिखले
गावातल्या लग्नात गुरुजींना ‘मंगलाष्टकं परत एकदा घ्या, बॅटरी बदलतो’ म्हणालो, त्याला महिना झाला. तेव्हापासून एक फोन नाही. लोक फार मनाला लावून घेतात. जागृती म्हणाली, आता एक ऑर्डर नीट करून दाखवा, नाहीतर कॅमेरा विका आणि बाबांबरोबर चिकूच्या वाडीत जा. बायको असून असं बोलते. निर्णय: आजपासून मी डहाणू तालुक्यातला सर्वात सभ्य व्हिडिओवाला.

१५ एप्रिल
नियम केले. चपला बाहेर. फ्लॅश बंद. गुरुजींना आधी नमस्कार, सूचना अजिबात नाही. कागद लॅमिनेट करून घेतला. निम्मं काम झालं.

२० एप्रिल
ऑर्डर आली. तलासरीकडे झरीला, मिथुन आणि वर्षाचं वारली लग्न. मिथुन म्हणाला, आमची पद्धत वेगळी आहे, एकदा येऊन समजून घ्या. त्याला लॅमिनेट दाखवलं.

२६ एप्रिल, सकाळी १०
झरी. चपला पार रस्त्यावर काढल्या. पाय भाजले, पण इम्प्रेशन पडलं.

दुपारी १
गुरुजी अजून नाहीत. भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला चौक, समोर नवरा-नवरी. फ्रेम एक नंबर. फक्त तुळशी नावाच्या एक आजी मध्ये उभ्या राहून गाणी म्हणतात. हात जोडून म्हटलं, आजी, जरा बाजूला. सरकल्या. परत आल्या. परत हात जोडले.

दुपारी ३
आजींना नऊ वेळा हलवलं. एकदाही आवाज चढवला नाही. गुरुजी बहुतेक हायवेला अडकले. तोवर नाच आणि जेवणाच्या पंगती भरपूर घेतल्या.

संध्याकाळी ५
मिथुन म्हणाला, लग्न लागलं की. म्हणजे मी पंगती शूट करत असताना गुरुजी येऊन गेले. मला डिस्टर्बसुद्धा केलं नाही. याला म्हणतात परस्पर आदर.

४ मे
एडिटिंग पूर्ण. आजी तीन ठिकाणी उरल्या होत्या, कापल्या. त्यांचा आवाज काढून सनई टाकली. कार्ड फॉरमॅट केलं. आता जागृतीने बोलून दाखवावं.

७ मे
झरीला व्हिडिओ दाखवला. अख्खा पाडा टीव्हीपुढे, मला खुर्ची. नाचाला टाळ्या पडल्या. संपल्यावर मिथुनची आई शुक्रीबाई म्हणाली, यात लगीन कुठंय? मी म्हटलं, गुरुजी तेवढे सुटले. मिथुन म्हणाला, आमच्यात गुरुजी नसतो, धवलेरी लग्न लावते. गाणी म्हणून. आणि तुळशीआजींकडे बघितलं.
मी हात जोडले. आजी उठून बाजूला सरकल्या.

८ मे
वर्षाचा फोन. पूर्ण व्हिडिओ नको, आजींचं एखादं गाणं तरी असेल ना? बघतो म्हणालो. काय बघणार, कार्ड तर पुसून टाकलेलं. फार लाज वाटली. जागृतीला सगळं सांगितलं. तिने माझ्या फोनवर सकाळी सहाचा गजर लावला. बाबा तेव्हाच वाडीत निघतात.