पातळ होत चाललेल्या मेंदूने केलेली वाटणी

मी, कृष्णराव तुकोजीराव खलाटे, वय ७३, बिर्ला नगरच्या बंद पडलेल्या कापड मिलमधला, माग दुरुस्त करणारा लूम-फिटर, राहणार खासगी बाजार, लश्कर, ग्वाल्हेर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी पूर्ण शाबूत आहे असे खोटे लिहिणार नाही. माझे काय आहे, मुले कोण आहेत आणि कोणाला काय देतो आहे, हे मला नीट कळते. कायद्याला एवढे पुरते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. घर. मागच्या वर्षी किला गेटपाशी भाजीची पिशवी घेऊन उभा राहिलो आणि घरी कसे जायचे तेच सुचेना. दुकानदाराने माझा मुलगा संग्रामसिंह याला बोलावले. तो चार माणसांसमोर म्हणाला, "कुछ नहीं हुआ इन्हें, नाटक करते हैं." महिन्याभराने तोच घराचे कागद घेऊन आला. "बाबा, अब आपका दिमाग चलता नहीं, यहाँ साइन कर दीजिए." रस्त्यावर जे नाटक होते, ते सही घेताना खरे झाले! मी कागद फाडले. घर माझी मुलगी गरिमा हिला, एकटीला. संग्रामसिंहाचे नाव मी विसरलो, असे कोणी म्हणू नये. आठवणीने वगळले आहे.

२. गरिमानेच मला एमआरआयला नेले. डॉ. निवेदिता यांनी फिल्मवरचे पांढरे डाग दाखवले. "काका, कित्येक वर्षांच्या ब्लडप्रेशरने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या. आतले धागे तुटत गेले, आणि आता वरचा थरही पातळ होतोय. म्हणून चाल मंदावली, म्हणून विचार अडतो."

"पातळ झालेला परत भरतो का?"

"नाही. पण प्रेशर आवरलं तर झीज हळू करता येईल."

त्या फिल्म गरिमाने जपाव्यात. नाटक म्हणणाऱ्याला दाखवाव्यात.

३. रक्तदाब मोजायचे यंत्र माझे मेहुणे विश्वासराव यांना. वीस वर्षांपूर्वी हे म्हणाले, "दाजी, त्या गोळ्या बंद करा, सवय लागते," आणि स्वतःचे चूर्ण दिले. माझी बायको विजया, यांचीच बहीण, रोज ताटाशी गोळी ठेवायची. "अहो, घ्या ना." मी तिच्यावर ओरडायचो. ती गेली, ती बरोबर होती, आणि हे तिला सांगायचे राहिले. विश्वासरावांनी आता स्वतःचे प्रेशर मोजावे आणि दुसऱ्यांना सल्ले देणे थांबवावे. माझ्यावरचा राग कोणाच्या नावे करावा ते कळत नाही. गोळी मीच थुंकून टाकायचो.

४. माझी मिलमधली हत्यारे, म्हणजे पाने, पक्कड, मापाचे गेज, संग्रामसिंहाला. लहानपणी तो ती उशाशी घेऊन झोपायचा. राग उतरला असे त्याने समजू नये.

५. डॉक्टर म्हणतात, पुढे स्वभावही बदलू शकतो. तेव्हा यापुढे मी गरिमाला चोर म्हटले, ताट फेकले, कुणाच्या कागदावर अंगठा उठवला, तर ते माझे मानू नये. गरिमा, त्या म्हाताऱ्याला वेळेवर जेवायला घाल, पण त्याचे बोलणे मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या बापाचा शब्द इथे, या कागदावर आहे.

सही: कृष्णराव खलाटे
(पहिली तिरकी गेली म्हणून खाली पुन्हा केली. दोन्ही माझ्याच.)
कृष्णराव खलाटे

आमच्यासमोर वाचून सही केली:
डॉ. निवेदिता मुळे
गुरुप्रसाद करकरे, शेजारी

लश्कर, ग्वाल्हेर
११ फेब्रुवारी २०२५