लुक आफ्टर

रविवार, संध्याकाळ. शेणवा.

आज इंग्रजीतली फ्रेजल व्हर्ब पाठ करताना पुन्हा मधेच थांबले. सुनंदाच्या उत्तराची वाट बघत. सुनंदा कुठे आहे इथे? ठाण्याच्या नोकरीसाठी आम्ही दोघी मैत्रिणींनी मुलाखत दिली, निवड तिची झाली, ती तिकडे गेली. मला मुलाखत पुन्हा द्यायची आहे, म्हणून हे पाठांतर.

आम्ही दोघी ही क्रियापदं पुस्तकासमोर बसून शिकलोच नाही. भाताच्या लावणीत शिकलो. बायका गाणं म्हणतात तसं. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. मी म्हणायचे, "गिव्ह अप." ती चिखलात रोप खोचत म्हणायची, "सोडून देणं गो, सोडून देणं." अर्थ नेहमी दोनदा. बांधावरून आई ओरडायची, "तोंडं बंद करा नि हात चालवा!"

एकटीला जमतच नाही. ओळ टाकते आणि गप्प बसते. वेडेपणाच आहे हा.

शेवटी तिला फोन लावला. कशी आहेस वगैरे काही नाही, सरळ म्हटलं, "लुक आफ्टर." आणि थांबले. पलीकडे तिच्या रूमवरच्या मुली हसत होत्या.

"काय गो? ऐकू नाय आलं."

पुन्हा म्हणायला हवं होतं का? आठवलं असतं तिला कदाचित. पण मी म्हटलं, "काय नाय. जेवलीस का?"

"नाय अजून. उद्या करते हां फोन."

ठेवला तिने.

सांभाळणं गो, सांभाळणं. दोन्ही वेळा मीच म्हटलं.