आप्पांच्या वाट्याची विश्रांती

११ मार्च

पोचलो. मालवणात वीसेक वर्षं पर्यटकांना बुडवून सुखरूप वर काढणारा माणूस बीड जिल्ह्यात, तेही मार्चात, पाण्याखालचं शिकवायला येतो यातच निम्मा विनोद आहे. उरलेला निम्मा आप्पांनी स्वागताच्या भाषणात केला. आप्पा म्हणजे ‘जलविहार सहकारी संस्थे’चे चेअरमन. दिंद्रुडपासून जीपनं थोडं आत गेलं की दगडाची जुनी खदान लागते. अठरा मीटर पाणी, हिरवं, गार. आसपासच्या गावांत माणसं घागरी घेऊन टँकरमागं पळतात. खदानीला तारेचं कुंपण आणि पाटी: पर्यटनासाठी राखीव.

खोली उत्तम. कूलर आहे आणि, नवल म्हणजे, त्यात घालायला पाणीही आहे. शाल, नारळ, फेटा सगळं झालं. त्रिंबक नावाच्या ऊसतोडीच्या मुकादमानं विचारलं, मालकीणबाई कुठं सोडल्या? लग्नच केलं नाही म्हणताच सगळे खिदळले: म्हंजे मास्तर अर्धा कोयता हाय! इकडे ऊस तोडायला नवरा-बायको जोडीनं जातात. दोघं मिळून एक कोयता, हिशेबाला एकच माणूस. एक पडलं तर दुसऱ्यानं त्याचं काम उरकायचं. एकटा गडी, तो अर्धा.

मीही हसलो. माणसं मोकळी वाटली.

१३ मार्च

सिलिंडर वाहायला सिदू आहे, नुकताच तोडीवरून परतलेला. त्याची बायको सुंदरबाई चहा करते. सिदूला गंमत म्हणून नळी तोंडात धरून श्वास घ्यायला शिकवलं. लई ग्वाड हाय हवा, म्हणाला. सुंदरबाई म्हणाली, हवेवरच पोट भरत असंल तर सैपाक करीत न्हाई.

दुपारी संचालक मंडळाचा वर्ग. किती खोल किती वेळ राहायचं याचे दोन तक्ते शेजारी शेजारी टांगले. अठरा मीटरवर आरमारी तक्ता साठ मिनिटं देतो, दुसरा कडक, तो पन्नासच. शिवाय आपण समुद्रापासून उंचावर, म्हणून आणखी कापायची. समजावून सांगितलं: खाली हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो. वेळ पाळून सावकाश वर या, निघून जातो. जास्त राहून भसकन वर आलात तर सोड्याची बाटली फोडल्यासारखा अंगात फसफसतो. सांधे मुडपतात, कमरेखालचं जातं, कधी माणूसही जातो. म्हणून दोन बुड्यांच्या मधे काठावर बसायचं. किती, तेही तक्ताच सांगतो.

कोणता तक्ता घ्यायचा यावर मंडळानं हात वर केले. साठवाला प्रचंड बहुमतानं निवडून आला. उंचीची कपात एकमतानं फेटाळली.

आप्पांना फक्त विश्रांती खुपली. चेअरमननं काय दुपारभर काठावर म्हशीवानी बसून राहायचं? माझी जीभ वळवळली. म्हणालो, लावा की कोयत्यासारखी जोडी. बुडी तुमची, विश्रांती सिदूची. केवढे हसले! मग आप्पा हसायचे थांबले. बबनराव सेक्रेटरींना म्हणाले, लिहा. सूचक म्हणून माझं नाव, अनुमोदक त्रिंबक, सर्वानुमते मंजूर. आप्पा आणि सिदूला एका शालीत गुंडाळून नारळ फोडला. मी टाळ्या वाजवल्या.

१७ मार्च

आज आप्पा एक तासाहून कितीतरी जास्त खाली राहिले. वर आले, सिलिंडर बदललं आणि लगेच पुन्हा उतरले. मी आडवा गेलो तर त्रिंबकानं काठावरच्या छत्रीखाली बोट दाखवलं: इश्रांती चालू हाय की, मास्तर. खुर्चीत सिदू बसलेला, हातात उसाचा रस, जन्मात पहिल्यांदा रिकामा, लाजत.

दुसऱ्यांदा आप्पा बुचासारखे वर उसळले. मी तक्ता जाणतो. तो माणूस मरायला हवा होता. त्यानं भुईमुगाच्या शेंगा मागितल्या.

सिदूच्या हातातला पेला पडला. आधी खाज आली, मग अंगावर निळी जाळी उठली. गुडघे छातीशी आले ते सरळ होईनात. चौघांनी खुर्चीसकट उचलला.

तो पाण्यात उतरलेलाच नाही. त्याचे कपडे कोरडे होते.

१९ मार्च

डॉक्टर म्हणाले उष्माघात. आप्पांना ते पटलं. मला नाही, पण मी पगारी माणूस.

सिदू शेडमध्ये पडून आहे. सुंदरबाई तक्ता घेऊन आली. मास्तर, ह्यात बघून सांगा, माव्हा मालक कवा उठंल? मी म्हणालो, तक्त्यात तसलं काही नसतं. मग म्हणाली, एक पडलं की दुसऱ्यानं काम उरकायचं असतं, त्रिंबक नानानं उद्यापासून मला बसायला सांगितलंय. मला किती मिन्टं सोसंल, तेवढं तरी सांगा.

मी पेन्सिल काढली. खरोखर काढली.

लाज वाटली म्हणून तिला माहेरी धाडायचं ठरवलं. वडवणीच्या एसटीत बसवून आलो. आता खुर्ची रिकामी. बसा म्हणावं.

२१ मार्च

आप्पा आज सगळ्या संचालकांना घेऊन उतरले, तासाहून जास्त राहिले, भसकन वर आले. बाहेर येऊन एकमेकांच्या पाठी थोपटत होते. खुर्ची रिकामीच होती. मला वाटलं, आता मरतील. मनापासून वाटलं.

कुणालाही काही झालं नाही.

संध्याकाळी वडवणीहून फोन. आठवडी बाजारात सुंदरबाई कांदे निवडता निवडता दुमडली. तोंडाला फेस. उचलेपर्यंत संपली होती. उचलणाऱ्या बायका सांगत होत्या, कातडीवर बोट दाबलं की आत चुरचुर वाजत होतं.

म्हणजे खुर्ची लागतच नाही. अंतरही लागत नाही.

२३ मार्च

राजीनामा दिला. आप्पांनी तो वाचून घडी घातली, चष्म्याखाली ठेवला. म्हणाले, सूचकच पळाला तर लोक काय म्हणतील?

त्रिंबकाचा हिशेब: सिदू आता एकटा, अर्धा. मास्तर अर्धे. दोन अर्ध्यांचा एक कोयता होतो.

मला चौघांनी धरलं. शाल तीच, माझ्या स्वागताची. तिच्यात सिदूला माझ्या अंगाला लावून बसवलं. नारळ फोडला. बबनरावांनी वहीत लिहून घेतलं.

२४ मार्च

सिदू माझ्याशी बोलला. ठराव कुणी मांडला ते बबनरावांनी त्याला वाचून दाखवलंय. ओरडला नाही. फक्त विचारलं, तक्त्यात शेवटल्या रकान्याच्या पुढं काय असतं?

काही नाही, म्हणालो. कोरं असतं. तिथं कुणी जात नाही.

पाण्यात पाय लागतेत का, मास्तर?

नाही, म्हणालो. मग कळलं काय विचारलं ते —

२५ मार्च

शेडमधून खदानीपर्यंत मातीत सरपटल्याची रेघ. दोन सिलिंडर नाहीत. तळाशी राहायला कमरेला बांधतात तो वजनाचा पट्टा नाही.

सकाळपासून बुडबुडे येतायत. शांत. मी शिकवला तसाच श्वास घेतोय.

आप्पा, त्रिंबक काठावर. त्यांना काही होणार नाही, ठरावात आप्पांच्या वाट्याला फक्त बुडी; सिदूचा जोडीदार आता मी. आप्पांनी माझ्यासाठी खुर्ची आणवली. बसलो. पळून कुठं? वडवणीला?

साठ कधीच गेले. रकाना संपला. अजून मला काही नाही — तो खाली आहे तोवर काही होत नाही. होतं ते वर येताना.

दोरी सोडली. हाका मारल्या. सिदू, हळू ये. थांबत थांबत ये रे. तुझ्या पाया पडतो.

रसाचा पेला दिलाय हातात.

बुडबुडे विरळ झाले. हवा संपत आली त्याची —

पट्टा तरंगत नाही, म्हणजे सोडला असेल तर तळाशी, आणि तो बुचासारखा —

पाणी फुगलं मधोमध. सिदू, हळू —

खाज सु