शुक्रजंतूंचा दुष्काळ

१४ सप्टेंबर १९७२

पाऊस नाहीच. आमच्या हिचं, भिवराबाईचं, तोंड मात्र धो धो. सुनेला, छबूला, सहा वर्षांत मूल नाही, तेव्हा पोराला, शहादेवाला, दुसरी करायची— पाटोद्याची, तिच्या भावाची लेक. मी म्हणालो, आहेत त्यांनाच भाकरी पुरत नाही. म्हणे, दोघी मिळून ऊस तोडतील. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आमचा दीड कोयता होणार! हिला साखर कारखान्याचं चेअरमन करायला हवं.

१५ सप्टेंबर

झोप नाही. सवत आली म्हणून छबू माहेरी निघून गेली तर मला वेळेवर चहा कोण देणार? स्वार्थी विचार आहे. पण खरा आहे.

१९ सप्टेंबर

दूध सोसायटीच्या वळूपासून वर्षभरात एकही गाय गाभण राहिली नाही. चेअरमन सुंदरराव म्हणतात, गाईच भाकड. शेजारच्या म्हाळूने त्या शब्दावर विश्वास ठेवून दोन गाई बाजारात फुंकून टाकल्या.

आज बीडहून जनावरांचा डॉक्टर आला. वळूचं बीज काचेवर घेतलं, दुर्बिणीखाली धरलं. म्हणाला, "शुक्रजंतू दिसत नाहीत."

मी निजामाच्या शाळेत तिसरीपर्यंत उर्दू शिकलेला. तिथं जंतूंना किर्म म्हणायचे, म्हणजे किडे! जंतू म्हणजे रोग, एवढं मला कळतं. म्हणालो, जंतू नाहीत तर बरंच झालं की, विहिरीत पावडर टाकून मारतोच ना आपण? डॉक्टर हसला नाही, भला माणूस. हे मारायचे नव्हेत, म्हणाला, यांच्याशिवाय वासरू नाही. जुन्या पुस्तकांत शुक्रजंतू लिहायचे, आता शुक्राणू लिहितात. पहिल्यांदा पाहिले त्यांना शेपटी दिसली, वळवळ दिसली, म्हणून जंतू म्हणाले.

मग दुसऱ्या वळूची काच लावून मला पाहायला दिलं. आटत्या डबक्यातली बेडकांची पिल्लं जशी! शेपट्या हलवत नुसती पळापळ. नंतर आमची काच— सगळं निपचित.

"गाईंचा काही दोष नाही," डॉक्टर म्हणाला.

सुंदरराव म्हणाले, दुष्काळ आहे, वळूही उपाशी. उपाशी! छावणीतला अर्धा चारा तोच खातो. सहकारात आणखी कोण कोण खातं ते लिहीत नाही.

निघताना डॉक्टरला हळूच विचारलं, माणसाचं कसं असतं? तसंच, म्हणाला. बीडला तपासून देणारा एकच डॉक्टर आहे.

२१ सप्टेंबर

बापाने लेकाला हे कसं सांगायचं? सुरुवात वळूपासून केली. शहादेव म्हणाला, "दादा, मी काय सोसायटीचा वळू हाय का?"

आत छबूची भाकरी थापायची थाप थांबली. मग परत सुरू झाली.

२२ सप्टेंबर

भिवराबाईला समजलं. "बाईच्यातच खोट असती. काचंत बघून लेकरं होतेत व्हय?" पितृपक्ष संपला की सुपारी फोडायची, असा निरोप पाटोद्याला गेलासुद्धा.

५ ऑक्टोबर

शहादेव सकाळच्या एस.टी.ने बीडला गेला. कशाला ते सांगितलं नाही. संध्याकाळी आला, जेवला, झोपला. विचारायची माझी छाती झाली नाही. छबू आज चहात साखर टाकायला विसरली.

१० ऑक्टोबर

पाटोद्याचे पाहुणे आले. सुपारी ताटात, चार माणसं बसलेली. शहादेव उभा राहिला. म्हणाला, "मामा, तुमच्या लेकीचं वाटुळं करू नका. माझ्यात शुक्रजंतू न्हाईत. डॉक्टरनं काचंत दाखिवलं."

एवढा मोठा शब्द आमच्या ओसरीवर पहिल्यांदाच आला. कुणी अर्थ विचारला नाही, सगळ्यांना कळला. मामा चहा न घेताच उठले. भिवराबाई भिंतीकडे तोंड करून बसली. गावात आता पोराला सोसायटीचा वळू म्हणतील. सुंदररावच आधी म्हणतील. छबू चुलीपुढून हलली नाही.

पोरगं रिकामं निघालं, तरी ते असं उभं राहिलं म्हणून मी छाती फुगवून बसलो होतो. असलं वेड बापालाच लागतं.

१४ ऑक्टोबर

कोयते दसऱ्यानंतर निघणार. त्याआधी काही औषध मिळेल का, म्हणून फक्त भिवराबाईला सांगून बीडला त्या डॉक्टरकडे गेलो. पोराचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, त्याच्या कपाळावरचा व्रणही सांगितला. डॉक्टर म्हणाला, असा कुणी इथं आलाच नाही.

घरी आलो. भिवराबाईने विचारलं, औषध हाय का?

न्हाई म्हणालो.