पीठवाल्याची चौकशी

इनोबतजान,

असाक्याच्या माझ्या धाकट्या बहिणीला कोकंदहून खोसियतचा सलाम. गुडघा वाकतो का? तुझ्या नवऱ्याचा खोकला थांबला, की अजून सगळ्या गल्लीला उठवतो? गाय, कोंबड्या, विहीणबाई, सगळ्यांची खुशाली कळव. आमच्याकडे सगळे बरे आहेत. जे नाहीत ते स्वतःच्या चुकीने. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस. पत्रात तुला शेवटपर्यंत गप्प बसावं लागतं.

तर ऐक. आपल्या तंदुराला बालवाडीच्या पोरांसाठी रोज नान पुरवायचं काम मिळालंय. मिळालं म्हणजे सुनेने, जुलहुमोरने, मिळवलं. (मी नको म्हणत होते, पण ते तिने चारचौघांत सांगायची गरज नाही.) बांगड्या मोडून तिने दुसरा तंदूरही बांधला. बालवाडी पैसे देणार महिना संपल्यावर, आणि पीठ तर आधी लागणार. मी जन्मभर एकेक पोतं आणलं, तळहातावर पैसे ठेवले आणि घरी आले. आता लागतेय गाडीभर. पहिल्या तारखेला नान पोचले नाहीत तर काम नाक्यावरच्या बेकरीला जाणार, आणि सुनेचे हात कायमचे रिकामे राहणार.

कझाकांची एक गिरणी महिनाभराच्या उधारीवर पीठ देते. सुनेने फोन केला. तिथला माणूस, दाउरेन त्याचं नाव, म्हणाला, तुमच्याबद्दल खात्रीने सांगतील अशी दोन माणसं द्या, ज्यांच्याकडून तुम्ही उधार नेलंय अशी. सून ताठ मानेने म्हणाली, कोकंदात आम्ही कुणाकडून उधार नेलेलं नाही. तर तो म्हणे, मग तुमची पत आम्हाला कळणार कशी? ऐकलंस, इनोबत? आयुष्यात कुणाचं देणं ठेवलं नाही, म्हणून मी बेभरवशाची! यात फार मोठं शहाणपण असणार, कारण मला ते अजिबात कळलं नाही.

शेवटी तो म्हणाला, मीच येतो आणि शेजारीपाजारी विचारतो. धंदा माझ्या नावावर आहे (माझ्या नवऱ्याने मरण्यापूर्वी तेवढं एक काम नीट केलं), म्हणून चौकशी माझीच. आता आपल्याकडे स्वच्छ कोट घातलेला परका माणूस दारोदार फिरून “त्या घरातली बाई कशी आहे हो?” असं कशासाठी विचारतो, हे तुला सांगायला नको. आमच्या घरात लग्नाची मुलगी नाही. सुनेला नवरा आहे. मोहल्ल्याने विचार केला, उरलं कोण? मी! कुणीतरी म्हातारा कझाक मला मागणी घालतोय, असं त्यांनी पक्कं धरलं.

आणि होऊ घातलेलं लग्न मोडायचं पाप कोण घेणार? खाटकाची बायको ओयदिन म्हणाली, “दात सगळे स्वतःचे आहेत हो, आणि किती मायाळू!” चहाखान्यातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, “त्यांचा आवाज आम्ही कधी ऐकलाच नाही.” (ते रोज माझ्याच आवाजाने उठतात.) हे मला कळलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, मी थक्क झाले. ज्यांना इतकी वर्षं झोडपलं ते लोक आपल्यामागे असं बोलतात!

तेवढ्यात ओयदिन मला मिठी मारायला आली. “खाला, आमच्यापासून लपवता होय? कधी जाताय?”

“कुठे?”

“कझाकांकडे! खूप लांब असेल ना हो ते?” लांब म्हणताना तिचा चेहरा असा उजळला की मला सगळं समजलं. संपूर्ण मोहल्ला मला घालवायला निघाला होता.

दुपारी दाउरेन चहाला आला. चांगला मुलगा आहे, नान दोन्ही हातांनी, अदबीने मोडतो. म्हणाला, “आजी, यांच्यातल्या एकाचंही मी धरलं नाही. ज्या माणसाबद्दल कुणालाच वाईट सांगता येत नाही, त्याला एकतर कुणी ओळखत नाही, नाहीतर सगळ्यांना तो नकोसा झालाय. मी फक्त तुमच्या भिंतीपलीकडच्या बाईंचं धरलंय.”

भिंतीपलीकडची म्हणजे शरोफत! तिचं तुतीचं झाड मी तोडायला लावलं तेव्हापासून आम्ही एकमेकींचं तोंड पाहत नाही. मी म्हटलं, गेलं पीठ.

तिने एकटीनेच त्याला आधी विचारलं होतं, “तू कोण आणि विकतोस काय?” पीठ म्हटल्यावर म्हणाली, “मग ऐक. बाई कजाग आहे. माझं झाड खाल्लं तिने. सुनेला सुखाने बसून जेवू देत नाही. पण माझा नवरा गेला तेव्हा आमचं बोलणं नव्हतं, तरी चाळिसाव्या दिवसापर्यंत रोज सकाळी या भिंतीवर गरम नान असायचे. नेलेली सुईसुद्धा ती परत देते, वर शिव्या देते. पीठ दे तिला.”

(ते नान जास्तीचे होते, म्हणून ठेवत होते.)

पण इनोबत, एक सांगते. मला वाटायचं, त्या भिंतीपलीकडून आपल्याला कुणी पाहत नाही. आणि ती बाई एवढी वर्षं माझं खरं मोजमाप घेऊन बसली होती, आणि एका परक्या माणसापुढे तिने ते चुकूनसुद्धा कमी-जास्त केलं नाही. मी तिच्याकडे गेले नाही. तुतीचं रोप आणलंय, ते भिंतीलगत माझ्याच अंगणात लावणार. सावली पलीकडे पडली तर पडो.

तुझ्या घरातल्या थोरांना सलाम, पोरांच्या डोक्यावर हात.

तुझी थोरली,
खोसियत

ता. क. – गिरणीला माणसं दोन लागतात; शरोफत एक झाली, दुसऱ्या माणसाचं नाव मी तुझं दिलंय. गेल्या शरदात तुझ्याकडून उधारीवर तीळ नेले होते, तेवढी एकच माझी उधारी. बहीण चालते, कारण तिने माल दिलाय. गुरुवारी दाउरेन तुला फोन करेल, आणि तू बोललीस तरच गाडी निघेल. माझं कौतुक करू नकोस, तो धरणार नाही. थोडी निंदा कर. पैसे दिले पण उशिरा दिले, वर तीळ जुने होते म्हणून भांडले, असं जे घडलं ते सांग.

आणखी एक – थोडी म्हणजे थोडी. आईचा चहाचा समोवार माझ्याकडे राहिला, तो विषय काढू नकोस. तो पीठ विकतो, न्यायनिवाडा करत नाही.

आणखी – जुलहुमोरने हे पत्र वाचलं. म्हणते, मावशीला त्रास कशाला, निंदा मीच करते की. पण घरातल्यांचं धरत नाहीत. धरलं असतं तर गाडी कधीच दारात उभी असती.